जुनं वॉलेट, नवा कंपायलर

शिरपूरच्या माझ्या मामेभावाकडे एक जुना पेनड्राइव्ह आहे. त्यात इंजिनिअरिंगच्या वर्षांतले फोटो, प्रोजेक्टचे रिपोर्ट आणि वॉलेट.डॅट नावाची एक फाइल. २०१४ साली तो धुळ्याला खोली करून राहायचा. तेव्हा तो आणि त्याचा रूममेट गेमसाठी घेतलेल्या ग्राफिक्स कार्डावर रात्र-रात्र एक क्रिप्टो नाणं माइन करत, म्हणजे कॉम्प्युटरला गणितं सोडवायला लावून नाणी मिळवत. बिटकॉइन नव्हे. बिटकॉइनसाठी तोवर खास चिप आल्या होत्या, घरच्या कार्डाचं तिथे काही चालत नव्हतं. पण ऑक्टोबर २०११ मध्ये आलेल्या लाइटकॉइनचं गणित वेगळं होतं, ते ग्राफिक्स कार्डावर जमायचं. मग लाइटकॉइनचाच कोड उचलायचा, नाव बदलायचं, काही आकडे बदलायचे आणि नवं नाणं काढायचं, असं तेव्हा सर्रास चाललं होतं. माझ्या भावाचं नाणं त्यातलंच एक. त्याचं नाव लिहीत नाही, कारण त्या नावाने आजही खोटी सॉफ्टवेअरं फिरताहेत.

आता भावाचं ठिबकच्या साहित्याचं दुकान आहे. नाण्याची वेबसाइट कधीच बंद पडली, मूळ वॉलेटची तयार फाइल कुठे मिळेना. उरला होता फक्त गिटहब या साइटवरचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर. शोधता शोधता त्याला एका टेलिग्राम ग्रुपवर "चालू वॉलेट" म्हणून कुणीतरी टाकलेली एक्झी फाइल, म्हणजे थेट चालणारा तयार प्रोग्राम, सापडली. सुदैवाने ती चालवण्याआधी त्याने मला फोन केला.

मी त्याला अगदी निक्षून नाही म्हटलं. वॉलेट.डॅटमध्ये नाणी नसतात, खासगी किल्ल्या असतात. किल्ली ज्याच्या हाती, नाणी त्याची. जो प्रोग्राम ही फाइल उघडणार आणि वरून पासफ्रेजही, म्हणजे वॉलेटचा पासवर्ड, विचारणार, तो कुणी बनवला हे ठाऊक नसेल तर आपण सगळं उचलून अनोळखी माणसाच्या हातात देतोय. सोर्स समोर असेल तर निदान काय चालवतोय ते वाचता येतं, आणि वाचलेलंच बांधता येतं. म्हणून कंपाइल करायचं, म्हणजे कंपायलर या साधनाकडून सोर्सचा चालणारा प्रोग्राम बनवून घ्यायचा. हौस म्हणून नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री त्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. लॅपटॉपच्या स्क्रीनचा, तिरका, खालच्या चार ओळी तेवढ्या दिसणारा. सोबत निरोप: "ताई, हाई काय व्हई ऱ्हायनं?"

फोटोत एवढंच होतं की मेक थांबला, एरर १. ही ओळ काहीच सांगत नाही. मेक हा फक्त मुकादम आहे. त्याने कंपायलरला काम दिलं, कंपायलर हात हलवत परत आला, एवढंच तो कळवतो. खरं कारण त्याच्या वर, पुष्कळदा शंभर-दोनशे ओळी वर असतं. आणि तिथेही पहिली एररच महत्त्वाची. एक व्याख्या चुकली की ती वापरणारी पुढची प्रत्येक ओळ चुकीची ठरते, म्हणून कंपायलर पुढे ओरडत राहतो. पहिली दुरुस्त झाली की खालच्या पन्नास आपोआप जातात.

म्हणून त्याला सांगितलं, सगळं आउटपुट एका फाइलमध्ये साठव, एका वेळी एकच काम चालू दे आणि ती फाइल पाठव. एकच काम का, तर मेकला आठ कामं एकदम दिली की आठही जणांचे निरोप एकमेकांत मिसळतात आणि पहिली एरर कोणती ते कळेनासं होतं. त्याच्या बाबतीत आणखी एक कारण निघालं. त्याच्या लॅपटॉपला चार जीबी मेमरी. आठ कामांत मधेच "सीसीवनप्लस किल्ड" असा निरोप येऊन गेला होता. सीसीवनप्लस म्हणजे सी प्लस प्लसचा कंपायलर, तो मेमरी भरपूर खातो. ती संपली की लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या सिस्टिमचा गाभा, स्वतःच त्याला मारून टाकतो. कोडमध्ये दोष नसताना एरर येते आणि माणूस तासन् तास कोड धुंडाळत बसतो. "किल्ड" हा शब्द दिसला की कोड सोडा, आधी कर्नलचा लॉग बघा. बिटकॉइनच्या मूळ सॉफ्टवेअरच्या, म्हणजे बिटकॉइन कोअरच्या, स्वतःच्या कागदपत्रांतही कंपाइल करताना किमान दीड जीबी मेमरी मोकळी ठेवायला सांगितलं आहे.

एकेरी कामाची फाइल आली ती भलीमोठी. भाऊ घाबरला होता, पण त्यातलं बहुतेक सगळं वॉर्निंग होतं. त्या काळच्या बिटकॉइन कोडमध्ये छापायच्या मजकुराच्या अवतरणाला चिकटूनच पीआरआय६४डी नावाचा मॅक्रो, म्हणजे ठरलेल्या मजकुराचं टोपणनाव, लिहायची पद्धत होती, मधे जागा न सोडता. २०११ च्या सी प्लस प्लस मानकानंतर तिथे जागा लागते. जीसीसी हा कंपायलर ते चालवून घेतो, फक्त दरवेळी टोकतो. अशी ओळ हेडर फाइलमध्ये असली की ती हेडर घेणाऱ्या प्रत्येक फाइलला तोच पाढा. वॉर्निंग बाजूला काढून नुसता "एरर" शब्द शोधला तेव्हा पहिली खरी ओळ हाती आली: इनव्हॅलिड यूज ऑफ इनकम्प्लीट टाइप, आणि पुढे बिग्नम.

हे बघून मला हायसं वाटलं, कारण आता कुठे आणि का अडलंय ते स्पष्ट होतं.

बिटकॉइनमध्ये मोठमोठ्या संख्यांचं गणित लागतं आणि जुन्या काळी ते ओपनएसएसएल या लायब्ररीकडून, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या आयत्या कोडकडून, करून घेत. ओपनएसएसएलमध्ये मोठ्या संख्येसाठी बिग्नम नावाची रचना आहे. बिटकॉइनच्या त्या काळच्या कोडने काय केलं होतं, तर या रचनेलाच आई-बाप मानून तिच्यावरून स्वतःचा सीबिग्नम हा क्लास काढला होता. त्यासाठी कंपायलरला बिग्नमच्या पोटात काय काय आहे ते दिसावं लागतं. ऑगस्ट २०१६ मध्ये ओपनएसएसएल १.१.० आलं आणि त्यांनी अशा सगळ्या रचनांची पोटं झाकली. बाहेरच्याने फक्त फंक्शनमार्फत बोलायचं, आत हात घालायचा नाही. निर्णय योग्यच होता. आतली मांडणी बदलली तरी बाहेरचे प्रोग्राम मोडू नयेत म्हणून तो घेतला. पण २०१४ च्या कोडला हे कसं ठाऊक असणार? त्याला बिग्नम हे नाव दिसतं, आत काय आहे ते दिसत नाही. म्हणून "इनकम्प्लीट".

खाली याच जातीच्या आणखी दोन एरर होत्या. वॉलेट कुलूपबंद करणाऱ्या क्रिप्टर फाइलमध्ये ओपनएसएसएलचाच ईव्हीपी सायफर कॉन्टेक्स्ट सरळ व्हेरिएबल म्हणून मांडलेला, तोही आता झाकलेला. आणि आरपीसीच्या, म्हणजे बाहेरून आज्ञा घेण्याच्या, फाइलमध्ये बूस्ट या दुसऱ्या लायब्ररीच्या सॉकेटला "गेट आयओ सर्व्हिस" नावाचं फंक्शन विचारलेलं, जे बूस्ट १.७० मधून, म्हणजे २०१९ साली, काढून टाकलं गेलं.

मी वहीत दोन रकाने पाडले. डावीकडे कोडचं साल, उजवीकडे यंत्राचं. कोडला शेवटचा हात लागला २०१४ मध्ये. भावाच्या लॅपटॉपवर उबंटू २४.०४ हे लिनक्स: जीसीसी १३, ओपनएसएसएल ३.०, बूस्ट १.८३. दहा वर्षांचं अंतर. फोनवर हे वाचून दाखवलं तर तो लगेच म्हणाला, "म्हणजे सोळा एमएमच्या नळीला वीसचं जॉइनर." बरोबर तेच. नळी खराब नाही, जॉइनरही खराब नाही.

आता इथून दोन रस्ते निघतात आणि माझं मत इथे ठाम आहे. पहिला रस्ता कोड आजच्या लायब्रऱ्यांना जुळवून घ्यायचा. इंटरनेटवर सीबिग्नम नव्याने लिहिणारे पॅच, म्हणजे कोडमध्ये घालायच्या दुरुस्त्या, मिळतात, लोक ते चिकटवतात आणि कंपाइल झालं की खूश होतात. जो कोड तुमची खासगी किल्ली उलगडणार, तिने सही करणार, त्यात अनोळखी माणसाचा पॅच केवळ एरर जावी म्हणून घालणं मला मान्य नाही. तसं करायचं तर मग टेलिग्रामवरची एक्झी काय वाईट होती?

याचं एक उदाहरण प्रत्येक प्रोग्रामरने लक्षात ठेवावं असं आहे. २००६ मध्ये डेबियन या लिनक्सच्या ओपनएसएसएल पॅकेजमधून दोन ओळी काढल्या गेल्या, कारण व्हॅलग्राइंड नावाचं तपासणीचं साधन त्यांच्यावरून तक्रार करत होतं. तक्रार थांबली. पण त्यातली एक ओळ यादृच्छिकता मिसळणारी होती. त्यानंतर त्या यंत्रांवर बनलेल्या किल्ल्या प्रोसेसच्या क्रमांकावर अवलंबून राहिल्या, म्हणजे एका प्रकारच्या यंत्रावर एका मापाच्या जेमतेम ३२ हजार वेगवेगळ्या किल्ल्या. कुणीही बसून सगळ्या मोजून काढाव्यात इतक्या. हे उघडकीला यायला मे २००८ उजाडलं. काढणाऱ्याची नियत वाईट नव्हती. साधन गप्प झालं म्हणजे काम बरोबर झालं, असं मात्र नाही.

बिटकॉइनच्या मूळ टोळीने हा बदल केला तो कसा, हेही बघण्यासारखं आहे. त्यांनी सहीसाठी लिबसेकपी२५६के१ ही स्वतःची लायब्ररी लिहिली, तपासली, आधी सही करण्यासाठी ०.१० मध्ये वापरली, मग सही पडताळण्यासाठी ०.१२ मध्ये. ओपनएसएसएल पूर्ण सुटलं ते ०.२० मध्ये, जून २०२० ला. शेकडो डोळ्यांखालून जाऊनही इतकी वर्षं लागली. आपण ते एका रात्रीत पॅच चिकटवून करणार?

म्हणून दुसरा रस्ता: कोडला हात न लावता यंत्रच त्याच्या सालात नेऊन बसवायचं. उबंटू १४.०४ एप्रिल २०१४ चं. त्यात जीसीसी ४.८, बूस्ट १.५४, ओपनएसएसएल १.०.१. कोडला जे हवं तेच. आणि त्यासाठी लॅपटॉप पुसायची गरज नाही, डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आतच आखलेल्या वेगळ्या कप्प्यात, ते चालतं. कुणी म्हणेल, १.०.१ म्हणजे हार्टब्लीड हा सुरक्षेचा दोष गाजला तीच मालिका ना? हो, तीच. उबंटूने त्यावर दुरुस्ती दिली होती, पण माझा भर त्यावर नाही. लागणारी पॅकेजं उतरवून झाली की कंटेनरचं नेटवर्क पूर्ण बंद करायचं आणि त्यानंतरच वॉलेटची प्रत आत न्यायची, हा माझा नियम. ज्याला बाहेरच्या जगाची तारच नाही, त्यातून काही गळून जाऊ शकत नाही.

मे महिन्यात भाऊ एस.टी.ने अमळनेरला आला. पेनड्राइव्ह खिशात, हातात मामीने पाठवलेला बिबड्यांचा डबा. पेनड्राइव्हची आधी प्रत काढली, मूळ पेनड्राइव्ह कपाटात ठेवला, तो पुन्हा बाहेर काढला नाही. याला कारण आहे. बिटकॉइन आणि त्याची पिल्लावळ वॉलेटसाठी बर्कली डीबी ४.८ ही डेटाबेसची लायब्ररी वापरायची. ५ च्या पुढच्या बर्कली डीबीने ती फाइल एकदा उघडली की ती नव्या पद्धतीत जाते आणि परत ४.८ ला उघडत नाही. उबंटू १४.०४ मध्ये डीबी ५.३ आहे. म्हणजे ४.८ वेगळं, सोर्समधूनच बांधायचं. त्याच्या टारबॉलचा, म्हणजे सोर्सच्या गठ्ठ्याचा, शा२५६ हॅश (फाइलचा ठसा) बिटकॉइनच्या जुन्या आवृत्त्यांच्या बिल्ड स्क्रिप्टमध्ये दिलेला आहे, तो अक्षर न् अक्षर जुळवून मगच फाइल सोडवली. हेच ४.८ आजच्या कंपायलरवर बांधायला गेलात तर ॲटॉमिक.एच मध्ये अडेल. त्यात ॲटॉमिक कम्पेअर एक्स्चेंज नावाचं एक फंक्शन आहे आणि नेमक्या त्याच नावाचं फंक्शन नंतर कंपायलरने स्वतःत आणलं. तिथे नावापुढे डीबी जोडून ते बदलायचा उपाय सगळीकडे वापरतात, आणि तो मला चालतो, कारण तो नुसता नावाचा बदल आहे, गणिताला त्याचा धक्का नाही.

नाण्याचा कोड बांधायला घेतला तर पहिलीच एरर: डीबी सीएक्सएक्स.एच सापडत नाही. ही सोपी. डीबी आपण आपल्या वेगळ्या फोल्डरात ठेवलं, मेकफाइलला तो पत्ता सांगायला हवा. हेडरचा पत्ता वेगळा, लायब्ररीचा वेगळा. फक्त पहिला दिला तर कंपाइल होतं आणि शेवटी लिंक करताना, म्हणजे सगळे तुकडे जोडताना, "अनडिफाइन्ड रेफरन्स" म्हणून अडतं. दोन्ही दिले.

दुसरी जास्त फसवी होती. शेवटच्या ओळीत मेक लेव्हलडीबी या आतल्या डेटाबेसची बिल्ड कॉन्फिग फाइल सापडत नाही असं म्हणत होता. भाऊ ती फाइल गुगलवर शोधायला निघाला. मी त्याला थांबवून वर चढायला सांगितलं. बऱ्याच वर एक गरीब ओळ होती: बिल्ड डिटेक्ट प्लॅटफॉर्म, परमिशन डिनाइड. ती कॉन्फिग फाइल कुणी आयती देत नाही, ही स्क्रिप्ट चालून ती तयार करते. आणि स्क्रिप्टला चालवण्याची परवानगीच नव्हती. नाणं काढणाऱ्याने कोड बहुधा विंडोजवरून चढवला असणार, तिथे ही परवानगीची खूण हरवते. एक चमॉड, म्हणजे परवानगी देणारी आज्ञा, आणि काम पुढे. ही एरर या काळातल्या कितीतरी नाण्यांच्या कोडमध्ये आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

मग दुपारी लाइट गेली. अमळनेरची मेची दुपार, कूलर बंद, लॅपटॉपची बॅटरी थकलेली, लॅपटॉप बंद पडला. लाइट आल्यावर मेक पुन्हा चालवला. मेक फाइलींच्या वेळा बघून झालेलं काम सोडून देतो, उरलेलं करतो, म्हणून आम्हाला वाटलं बरं झालं. सगळं झालं आणि लिंक करताना: फाइल नॉट रेकग्नाइज्ड, फाइल ट्रंकेटेड. लाइट गेली त्या क्षणी जी ऑब्जेक्ट फाइल (एका सोर्स फाइलचं कंपाइल झालेलं रूप) लिहिली जात होती ती अर्धवट राहिली. पण तिची वेळ ताजी, म्हणून मेकच्या लेखी ती झालेली. नेमकी तेवढी एक फाइल पुसली, मेक चालवला. सगळं स्वच्छ करून पहिल्यापासून बांधायची गरज नव्हती. आपल्याकडे जिथे भारनियमन रोजचं आहे तिथे ही एरर ओळखीची असलेली बरी. कोडमध्ये काही शोधू नका, शून्य आकाराची किंवा शंकास्पद छोटी ऑब्जेक्ट फाइल शोधा.

संध्याकाळी बायनरी, म्हणजे चालणारा प्रोग्राम, तयार झाली. नेटवर्क बंद केलं, वॉलेटची प्रत आत नेली, डिमन (वॉलेटचा मागे चालत राहणारा प्रोग्राम) सुरू केला. पासफ्रेज भावाने स्वतः टाकली, मी पाठ फिरवून उभी होते. घरातल्या घरात असलं तरी ते तसंच व्हायला हवं. वॉलेट उघडलं.

शिल्लक शून्य.

त्याचा चेहरा उतरला, "पैसा बुडनात का मग?" नाही. शिल्लक दाखवायला वॉलेटला ब्लॉकचेन, म्हणजे सगळ्या व्यवहारांची सामाईक वही, लागते. आपले व्यवहार कोणत्या ब्लॉकमध्ये पक्के झाले हे त्याशिवाय कळत नाही, आणि आमच्या कंटेनरला तर जगच नव्हतं. व्यवहारांची यादी मागितली तर २०१४ च्या तारखा ओळीने समोर आल्या. पत्ते होते, आणि डम्प प्रायव्हेट की ही आज्ञा देऊन प्रत्येक पत्त्याची किल्ली निघाली. त्याने त्या कागदावर हाताने उतरवल्या. फोटो नाही, फाइल नाही. मग कंटेनर पुसून टाकला.

त्या नाण्याचं जाळं अजून चालू आहे का, ते कुणी विकत घेईल का, हा पुढचा भाग आणि तो त्याचा आहे. किल्ल्या आता त्याच्याकडे आहेत, त्या कुणाच्या तयार प्रोग्रामवर अवलंबून नाहीत. पेनड्राइव्हसोबत मी एक कागद ठेवायला दिला: सोर्सच्या कमिटचा, म्हणजे नेमक्या आवृत्तीचा, क्रमांक, उबंटूची आवृत्ती, डीबीच्या टारबॉलचा हॅश, मेकला दिलेले पत्ते. पुन्हा बांधायची वेळ आली तर कुणालाही त्यावरून बांधता येईल.

जळगाव-धुळे-नंदुरबारात अशा जुन्या फाइली आणखी कितीतरी जणांकडे असणार, तेव्हा हॉस्टेलांत हे खूप चाललं होतं. बांधताना अडलात तर मला विचारा. पण पाठवताना "एरर" शब्द जिथे पहिल्यांदा आला तिथून पुढच्या वीस ओळी मजकूर म्हणून पाठवा, स्क्रीनचा फोटो नको. सोबत तुमच्या यंत्रावरची जीसीसी, ओपनएसएसएल आणि बूस्टची आवृत्ती लिहा. आणि वॉलेट.डॅट कुणालाही पाठवू नका, मलाही नाही.